उजव्या खांद्यावरचे फूल

हे मी आजवर कोणाजवळही उच्चारलेले नाही. पत्नीजवळ नाही, मुलांजवळ नाही, गुरूंच्या पायांशी बसलो असतानाही नाही. देवीसमोर तर कधीच नाही — कारण तिला ते ठाऊक आहे, आणि जिला ठाऊक आहे तिच्यापाशी सांगण्यासारखे काय उरते? तुम्हांला ठाऊक नाही. म्हणून तुम्हांला सांगतो आहे. जुन्या स्नेह्याजवळ ओटीवर बसावे तसा बसलो आहे. मध्ये कुठे थांबलो तर थांबू द्या.

आमचे गाव मालवणच्या उत्तरेस, खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी. देवीची पूजा आणि कौल ही दोन्ही कामे पिढ्यानुपिढ्या आमच्या घराकडे चालत आलेली. मी लहान वयातच पाठशाळेत गेलो, व्याकरण आणि धर्मशास्त्र शिकून परतलो, आणि वडिलांचे हात थकल्यावर गाभाऱ्यात उभा राहिलो. ज्या वर्षांची ही गोष्ट, त्या वर्षांत गोव्यात अजून फिरंग्यांचा अंमल होता, आणि मुंबईला जायचे तर आगबोट हीच आमची वाट होती.

कौल म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. देवीच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पिटकुळीची इवलीशी तांबडी फुले पाण्याच्या बोटाने चिकटवायची. मग गाऱ्हाणे घालायचे — म्हणजे गावाच्या वतीने देवीला प्रश्न विचारायचा — आणि वाट पाहायची. देवीच्या उजव्या खांद्यावरचे फूल आधी पडले तर तिचा होकार. डावे पडले तर नकार. लग्न, जमिनीची वाटणी, नवी होडी पाण्यात लोटण्याचा दिवस, सारे यावर ठरत असे. वडिलांनी मला शिकवले ते एवढेच, की बोटाला पाण्याखेरीज काही नसावे, दोन्हीकडे सारखे असावे, आणि फुले लावून झाली की दूर व्हावे. "आपण लावायचे आणि बाजूला व्हायचे," ते म्हणत. "श्वाससुद्धा तिच्या अंगावर सोडायचा नाही."

बाजूला व्हायचे — तेवढेच तर होते.

पण हे असे एकदम सांगून भागणार नाही. आधी त्या दोघांविषयी सांगायला हवे.

सोमा हा दर्यावर्दी घरातला, माझ्याहून वयाने थोडा लहान. त्याच्या घराण्याकडे देवीचे तरंग धरण्याचा मान होता. तरंग म्हणजे उंच खांब. त्याला देवीची लुगडी नेसवतात, आणि दसऱ्याला मानकऱ्याने तो कमरेशी उभा धरला की देवी त्यात येते, अशी आमची श्रद्धा. इतर मानकरी घामाघूम होत. सोमा डोळे मिटून नुसता झुलत असे, वाऱ्यावर माड झुलावा तसा. एरवी तो आगबोटीच्या उतारूंना किनाऱ्यावरून पडावातून बोटीपर्यंत नेई आणि आणी.

इनास ख्रिस्तांव होता. होड्या बांधणारा सुतार. सोमाचा पडाव दुरुस्त करायला म्हणून आला आणि खाडीकाठच्या सोमाच्या घरात राहिला. दोघांनीही लग्ने केली नाहीत. घरात एका भिंतीवर देवीची तसबीर, समोरच्या भिंतीवर लाकडी क्रूस — तो इनासनेच कोरलेला — आणि दोघांच्या मध्ये एकच दिवा. "तेल वाचता," असे इनास म्हणे. रविवारी सोमा चर्चबाहेरच्या आंब्याखाली त्याची वाट पाहत बसे. सणाच्या दिवशी इनास आमच्या दीपमाळेशी सोमाची वाट पाहत उभा राही. अंगणात इनासने पिटकुळी लावली होती. कौलाची फुले मी तिथूनच आणत असे.

त्या नात्याला आता नावे आहेत. माझी नातवंडे ती सहज उच्चारतात. आमच्यापाशी तेव्हा नाव नव्हते, आणि नाव नव्हते म्हणूनच गाव ते चालवून घेत होते. थट्टा होई. मासे निवडताना एखादी बाई विचारी, "सोमा, आज तुझ्या इनासान काय रांधल्यान रे?" सोमा वल्ही खांद्यावर घेऊन चालता चालता म्हणे, "जेवक ये गो वयनी. तुझ्या घोवाकव घेवन ये, तेका बिचाऱ्याक कधी बरा खावक गावता?" बायका हसत. तिचा नवराही हसे. मीही हसलो आहे.

मला राग कधी आला? याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आधी आला होता आणि मी तो झाकून ठेवला होता, की त्या नवरात्रातच आला — सांगता येत नाही. त्या नवरात्रात इनासला ताप भरला. तरंगाच्या मानकऱ्याने नऊही दिवस देवळातच राहायचे, एकभुक्त राहायचे, घरी जायचे नाही, असा आमचा नेम. सोमा गेला. भर दुपारी, सर्वांच्या देखत गेला. इनासला पेज भरवली, त्याचे अंग पुसले, आणि तळीवर स्नान करून ओलेत्याने परत आला. काही लपवले नाही. लपवले असते तर बरे, असे पुष्कळांना वाटले असावे.

सोमाचा चुलतभाऊ बाबल याला तरंगाचा मान हवा होता. त्याने मानकऱ्यांना सभामंडपात जमवले. सर्वांत वडील मानकरी तातू. शांत माणूस, कोणाचे वाईट न चिंतणारा. त्याने विचारले, "सोमा, इनास तुझो कोण?"

"माझो माणूस," सोमा म्हणाला.

तातूने त्याला सुटायला वाट करून दिली. "म्हणजे कामाचो माणूस मा रे?"

सोमाने हो म्हणायला हवे होते. सगळा मंडप त्याच्या होकाराची वाट पाहत होता — बाबलसुद्धा, मला वाटते. सोमा म्हणाला, "नाय, तातू. कामाचो न्हय. माझो."

कोणी ओरडले नाही. कोणी हात उगारला नाही. फक्त सगळ्यांनी खाली पाहिले, आणि मग एकेकाने मान वर करून माझ्याकडे पाहिले — शिकलेला, शास्त्र जाणणारा, देवीच्या जवळचा मी. आणि मीच म्हणालो, देवीला विचारू.

दीपमाळेला टेकून इनास उभा होता. ताप नुकता उतरलेला, अंगावर सोमाची घोंगडी. मी बाहेर आलो तेव्हा त्याने हात जोडले. त्याच्या पाद्रींनी त्याला प्रसादासाठी वेदीपाशी येऊ देणे केव्हाच थांबवले होते, हे गावाला ठाऊक होते. तो म्हणाला, "भटजीनू, ह्या बरा केल्यात. आमच्या हय पाद्री सांगता ताच खरा. तुमच्या हय निदान देवीक विचारूक तरी गावता."

त्याचा देवीवर भरवसा होता. त्या ख्रिस्तांवाचा. आणि माझा?

त्या दुपारी मी ग्रंथ उघडले. काय शोधत होतो? मोठा, स्पष्ट, भयंकर निषेध शोधत होतो. जे सापडले ते किरकोळ निघाले, प्रायश्चित्ताने धुऊन जाणारे. माझ्या रागाला ते पुरेना. त्याहून कितीतरी कठोर वचने मला दुसऱ्या पापांविषयी आढळली — खोट्या साक्षीविषयी, देवाच्या नावाने केलेल्या कपटाविषयी. ती मी वाचली आणि पान उलटले. मला वाटले, ग्रंथ मृदू असतील. आचार मृदू असता कामा नये. एक ख्रिस्तांव, एक तरंगाचा मानकरी, आणि असले घर — याला देवीने होकार दिला तर मी उभ्या आयुष्यात जे शिकलो ते कशावर उभे राहील?

इथे थांबतो थोडा.

हे जे वाक्य मी आता सहज बोलून गेलो — देवीने होकार दिला तर — त्यातच सर्व आहे. मला खात्री नव्हती. नकारच येईल अशी खात्री असती, तर मी वडिलांनी शिकवल्याप्रमाणे फुले लावून बाजूला झालो असतो. मला देवीचा भरवसा नव्हता. ती माझ्याहून उदार निघेल, याचे मला भय वाटत होते.

सकाळी सभामंडप भरला होता. मी गंध उगाळताना रोजच्याहून दाट उगाळले. गाऱ्हाणे मीच घातले: सोमाने तरंग धरावे आणि त्याच्या घरात जो माणूस आहे तो तसाच असू द्यावा, हे तुला मान्य असेल तर उजवा कौल दे, मान्य नसेल तर डावा दे, म्हणजे मान बाबलकडे जाईल आणि इनास गाव सोडील. शब्द अगदी नीट जुळवलेले होते. शब्द जुळवण्यात मी कधी चुकलो नाही.

आणि त्याआधी, फुले लावताना, डावे फूल मी पाण्याच्या बोटाने लावले. उजवे लावले दाट गंधाने.

एवढेच असते तरी ते पाप होते. पण ऐका. मी मूर्तीच्या पुढ्यातच उभा राहिलो, समईची वात सारण्याचे निमित्त करून. माझ्या पाठीमुळे बाहेरून कोणाला काही दिसत नव्हते. गाभाऱ्यात वारा नव्हता. गाऱ्हाण्याचा शेवटचा शब्द संपला, बाहेरून सर्वांनी "होय महाराजा" म्हटले — आणि उजवे फूल पडले. गंधाने चिकटवलेले, अंगठ्याने दाबलेले फूल सुटले आणि पीठावर माझ्या बोटांशी येऊन पडले. डावे, नुसत्या पाण्याचे, जागच्या जागी होते.

तुम्ही म्हणाल, गंध ओले होते, फूल जड झाले असेल. म्हणा. मला तसे म्हणता येत नाही. तो योगायोग म्हणावा, तर मी आयुष्यभर ज्या फुलांवर लोकांची लग्ने आणि जमिनी ठरवल्या, तो सर्व योगायोगच. मी श्रद्धावान माणूस आहे. देवीने मला उत्तर दिले, आणि माझ्या युक्तीवर पाणी फिरवून दिले, हे मला त्याच क्षणी कळले. कळले नाही, असे मी कधीच म्हणू शकलो नाही.

मी ते फूल उचलले, पुन्हा तिच्या उजव्या खांद्यावर ठेवले आणि अंगठ्याने दाबले. मग डावे फूल नखाने पाडले. मग बाजूला झालो — सर्वांना दिसावे म्हणून.

"डावा," मी म्हणालो.

सोमा भांडेल, असे मला वाटले होते. गावाचा निर्णय असता तर तो भांडलाच असता. बाबलला त्याने सभामंडपातून ओढत बाहेर नेले असते. पण हे देवीचे होते. त्याने उंबऱ्यावर डोके टेकले, आणि बराच वेळ वर काढले नाही. मग उठून बाबलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लुगडी सांबाळून नेसव रे. निऱ्या सुटतत." आणि गेला.

दसऱ्यानंतर आगबोट आली तेव्हा इनास हत्यारांची पेटी घेऊन निघाला. सोमाच त्याला पडावातून बोटीपर्यंत घेऊन गेला. दुसरा कोण नेणार होता? मी किनाऱ्यावर होतो, एका यजमानाला निरोप द्यायला आलेला. इतर उतारू बोलत होते, एक मूल रडत होते. ते दोघे समोरासमोर बसले होते, एक वल्हवत, एक पेटीवर. शिडीशी इनासने वर चढण्याआधी सोमाच्या पावलाला हात लावला. की वल्ह्याला लावला? इतक्या दुरून दिसले नाही. परत येताना पडाव रिकामा होता, आणि सोमा नेहमीपेक्षा हळू वल्हवत होता.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी काय झाले, ते सांगायचे राहिले. अभिषेकाला मी मूर्तीवर पाणी घातले. निर्माल्य वाहून गेले. उजव्या खांद्यावरचे फूल मात्र गेले नाही. ते गंधात सुकून घट्ट बसले होते. मला ते नखाने खरवडून काढावे लागले. दगडावर तांबूस डाग राहिला, तो पुढे पुष्कळ दिवस होता. त्यानंतर मी कौल लावणे सोडले. बोटे थरथरतात, असे गावाला सांगितले आणि पुतण्याला उभे केले. बोटे थरथरत नव्हती.

इथे संपवता आले असते. पण याहून वाईट आहे ते अजून पुढेच आहे.

मधे बरीच वर्षे गेली. गोवा मुक्त झाला, आगबोटीला एस. टी.ची जोड मिळाली. सोमा रोज देवळात येई, सभामंडपाच्या कडेला बसे. तरंगाकडे कधी पाहत नसे. एका नाताळाला इनास मुंबईहून आला. गोदीत कामाला होता, केस पांढरे झालेले. तो ख्रिस्तांववाड्यात बहिणीकडे उतरला. गावातला राग तोवर निवला होता. तातू गेला होता. बाबलनेच मला एकदा म्हटले होते, "भटजीनू, सोमाकडे आता बगवत नाय."

सोमा माझ्या ओटीवर आला. खाली बसला, टोपी हातात घेतली. म्हणाला, "भटजीनू, देवीक परत एकदा विचारशात? तरंग नको माका. तरंग बाबलाक बरा सोबता. इनास परत येवक बगता, तेवढा फक्त विचारा. पुतण्याक लावूक सांगा."

ज्याने चूक केली त्याला देव सुधारायला संधी देतो, असे आम्ही कथेकीर्तनात सांगतो. मला संधी अशी, टोपी हातात घेऊन, माझ्या ओटीवर बसलेली मिळाली. मला काही कबूलही करावे लागणार नव्हते. फक्त हो म्हणायचे होते आणि पुतण्याला बाजूला उभे राहायला शिकवले होते तसे राहू द्यायचे होते.

आणि मला काय वाटले? उजवा आला तर लोक विचारतील, तेव्हा डावा कसा आला होता? वाटले ते एवढेच. तेव्हा माझ्या मनात सोमाविषयी राग नव्हता, इनासविषयी नव्हता. धर्म नव्हता, आचार नव्हता. फक्त माझे नाव होते.

मी म्हणालो, "सोमा, देवीने एकदा उत्तर दिले की पुन्हा विचारू नये. तो तिच्यावरचा अविश्वास होतो." आणि याला मी एक संस्कृत वचनही जोडले. ते कोणत्याही ग्रंथात नाही. मी तिथेच रचले. छंद बरोबर होता.

त्याने मान हलवली. "बरोबर," तो म्हणाला. "तुमका म्हायती." मग विचारले, "देवीचो माझ्यार राग आसा काय ओ?" मी म्हणालो, ती कोणावरही रागावत नाही. हे मात्र खरे होते. माझ्या तोंडून त्या दिवशी निघालेले एवढेच खरे वाक्य — आणि त्याला ते सांत्वन वाटले असावे. त्याने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला.

पुढल्या पावसाळ्यात सोमा छातीच्या दुखण्याने गेला. त्याचे और्ध्वदेहिक मीच केले. इनासला मुंबईत कळेपर्यंत सर्व आटोपले होते.

तो आला तेव्हा मी सांजेच्या पूजेची तयारी करत होतो. तो दीपमाळेशीच थांबला, पूर्वी थांबे तिथे. हातात द्रोण होता. द्रोणात पिटकुळीची फुले. सोमाच्या अंगणातले ते झाड अजून होते. मी पायऱ्या उतरून गेलो.

"सोमान माका सांगलेला," तो म्हणाला, "देवीर राग धरू नको, तिका काय दिसला असात म्हणान तिना तसा केल्यान. मी धरूक नाय, भटजीनू. एक दीस पण धरूक नाय. ही तिका घाला."

मी द्रोण घेतला. त्याला प्रसाद दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि खाडीच्या वाटेने निघून गेला. मी त्याच्या मागून हाक मारली नाही. गाभाऱ्यात गेलो, समई सारली, आणि इनासची फुले एकेक करून देवीला वाहिली. सर्व पायांशी वाहिली. खांद्यापर्यंत माझा हात गेला नाही.